धान्यातील प्रथिने आणि जखमेवरील औषध

मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन आपण काय पाहतो? ओलावा किती, काडीकचरा किती, दाणा डागी आहे काय, तेलाचा उतारा कसा पडेल. बिदरच्या गांधी गंजात काय किंवा कलबुर्गीच्या नेहरू गंजात काय, सौद्याच्या वेळी याखेरीज अन्य विचारास मनात अवकाशच नसतो. तथापि त्याच दाण्यात शंभरास सुमारे चाळीस भाग जे प्रथिन असते, त्याचे अत्यंत बारीक तंतू काढून, त्यांत औषध गुंतवून, ते पट्टीच्या रूपाने जखमेवर ठेवण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे देशोदेशींच्या प्रयोगशाळांतून चालू आहेत. विषय वैद्यांचा व रसायनज्ञांचा आहे हे खरे. परंतु तो धान्याचाही आहे, आणि धान्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार या स्मरणिकेच्या वाचकांस आहे असे आम्ही समजतो. जैन या नात्याने आपणांस त्यात विशेष स्वारस्य का असावे, तेही येथे सांगावयाचे आहे.

रुग्णालयात जखमेवर जे लावले जाते ते कशाचे केलेले असते याची चौकशी आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल. कापूस व कापडी जाळी यांविषयी प्रश्नच नाही. परंतु जुनाट जखमांसाठी मिळणारी कोलॅजेनची पूड किंवा पापुद्रा बहुधा गुरांच्या अथवा डुकरांच्या कातडीतून, कधी माशांपासून, काढलेला असतो. जखमेला चिकटून ओल धरून ठेवणाऱ्या हायड्रोकोलॉइड नावाच्या पट्ट्यांत अनेकदा जिलेटिन असते, आणि जिलेटिन म्हणजे कातडी व हाडे उकळून काढलेला सरसच होय. टाके घालण्याचा कॅटगट हा जुना धागा मेंढ्यांच्या वा गुरांच्या आतड्यापासून करतात. रेशमी टाक्यामागे उकळत्या पाण्यात मेलेले किडे आहेत. कायटोसान नामक द्रव्य कोळंबी व खेकडे यांच्या कवचांतून निघते.

आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध सभासदांच्या पायाला मधुमेहामुळे जखम झाली होती. पट्टी बदलण्यास आलेल्या परिचारिकेस त्यांनी सहज विचारले, "बाई, या पुडीत काय असते हो?" तिने डबीवरील अक्षरे वाचून 'बोव्हाइन कोलॅजेन' असे सांगितले. त्या शब्दाचा अर्थ नातवाकडून कळल्यावर त्या गृहस्थांनी दोन दिवस पट्टीस हात लावू दिला नाही. हे त्यांनी योग्य केले असे आम्ही म्हणणार नाही. सडणारा पाय दोन दिवस वाट पाहत नसतो, आणि स्वतःच्या देहाची हेळसांड हाही हिंसेचाच प्रकार आहे. परंतु त्यांच्या मनास झालेला क्लेश पोकळ होता असे म्हणण्यासही आमची जीभ रेटत नाही.

हा क्लेश आजचा नव्हे. कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे; राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. तेथे नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंग राज्य करीत असता उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकावरील संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या शेवटी हिताहिताचा एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात औषधासाठी मांसाची आवश्यकता नाही हा पक्ष त्यांनी युक्तिवादाने मांडला आहे. अमोघवर्षाच्या सभेत विद्वानांपुढे हे विवेचन झाल्याचे ग्रंथातच नमूद आहे. सोलापूरच्या वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी १९४० साली हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. मळखेडला दर्शनास जाणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांस नेमिनाथाचे मंदिर ठाऊक असते, हा ग्रंथ मात्र ठाऊक नसतो. आम्हांस त्यात सर्वाधिक मोल वाटते ते याचे, की आचार्यांनी नुसता निषेध करून हात झटकले नाहीत. मांस, मद्य व मधु यांस वगळूनही रोग कसा बरा करावा, याची योजना त्यांनी सबंध लिहून दिली. आजच्या प्रथिनांच्या पट्टीकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहतो.

आता प्रथिन म्हणजे काय ते पाहू. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात मळत गेल्यास पांढरे पिष्ट वाहून जाते व हाती चिवट, रबरासारखे द्रव्य उरते. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या वैद्याने १७२८ मध्ये हे विद्वानांपुढे मांडले, आणि धान्यातून निघालेले हे द्रव्य प्राण्यांच्या शरीरद्रव्यासारखे वागते हे पाहून त्या काळी मोठे आश्चर्य वाटले. आपल्या घरातील स्त्रिया कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तेव्हा चोथ्यात कोंड्याबरोबर हेच ग्लुटेन बाजूला पडते. बेक्कारीचे नाव त्यांस ठाऊक असण्याचे कारण नाही. मक्यातील झीन हे प्रथिन बोस्टन येथे जॉन गोरहॅम याने १८२१ मध्ये वेगळे केले. झीन साध्या पाण्यात विरघळत नाही, पाणी मिसळलेल्या मद्यार्कात विरघळते. म्हणून औषधी गोळ्यांवर व मिठाईवर ओल न शिरू देणारा लेप देण्यास ते पूर्वीपासून वापरात आहे. आपल्या ज्वारीतील काफिरिन हे झीनचेच भावंड, परंतु अधिक हट्टी. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठात काफिरिनचे सूक्ष्म कण व पापुद्रे करण्याचे काम झाले आहे. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या भागाने याची दखल घ्यावयास हवी.

प्राण्यांचे प्रथिन व वनस्पतींचे प्रथिन ही दोन्ही अमिनो आम्लांच्याच साखळ्या आहेत. मण्यांची माळ तीच, ओवण्याचा क्रम निराळा. त्यामुळे जखमेतील नव्या पेशींना वनस्पतीच्या प्रथिनावर पाय रोवता येतात, आणि आपल्या शरीरातील पाचक द्रव्ये ते हळूहळू कुरतडून नाहीसेही करू शकतात. नायलॉनच्या पट्टीस हे साधत नाही.

जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, असे पूर्वी मानीत. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की ओल राखून झाकलेल्या जखमेवर कातडी अधिक लवकर येते. तेव्हापासून पट्ट्यांचे सारे शास्त्रच पालटले. मधुमेहाच्या रुग्णास आणखी एक अडचण असते. पायाच्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने पोटात घेतलेले औषध जखमेपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि वरून लावलेले मलम पुसून अथवा वाहून जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्या समाजात त्यांचे प्रमाण काय असावे, हे प्रत्येकाने आपल्याच आळीत मोजून पाहावे. अशा रुग्णासाठी जी पट्टी ओल राखील आणि औषधही थोडे थोडे, दिवसेंदिवस सोडीत राहील, ती हवी आहे.

ती करण्याची रीत अशी. प्रथम प्रथिन शुद्ध करावे लागते. सोयाबीनचे तेल काढून घेतल्यावर जी पेंड राहते, ती किंचित खारट क्षार मिसळलेल्या पाण्यात भिजवून हलवली असता प्रथिन पाण्यात उतरते व चोथा खाली राहतो. मग त्या पाण्यात थोडे आम्ल टाकले की, दुधात लिंबू पिळल्यावर ते फाटावे तसे, प्रथिन फुटून खाली बसते. ते धुऊन वाळविले म्हणजे शंभरास नव्वद भाग शुद्ध अशी पूड मिळते. पुढे या पुडीचा दाट पाक करून त्यात औषध मिसळतात, आणि तो पाक बारीक सुईतून सोडून सुईस १० ते २० हजार व्होल्टचा विजेचा दाब देतात. विजेच्या ओढीने थेंबाचा तंतू होतो, हवेतच वाळतो व समोरच्या पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा साठत जातो. डोक्याच्या केसापेक्षा शंभर पटींनी बारीक असा हा तंतू असतो. सोयाबीनचे प्रथिन एकटे चांगले कातले जात नाही, त्यास दुसऱ्या द्रव्याची जोड द्यावी लागते. झीन मात्र एकट्याने कातता येते. औषध म्हणून कोणी जंतुनाशक घालतात, कोणी चांदीचे कण, तर कोणी हळदीतील कर्क्युमिन. हळदीचा हा गुण पाण्यात उतरत नाही आणि झीनही पाण्यात उतरत नाही, म्हणून त्या दोघांचे चांगले जमते. पट्टी जखमेवर बसली की जखमेतील ओल तंतूंत झिरपते, तंतू फुगतो, झिजतो, व आत अडकलेले औषध बाहेर येत राहते.

दुसरी एक युक्ती आम्हांस फार आवडली. धुण्याच्या सोड्याचे अतिसूक्ष्म कण घ्यावयाचे, त्यांवर झीनचा लेप चढवावयाचा, आणि नंतर पाण्याने आतील सोडा विरघळवून टाकावयाचा. मागे राहते ती झीनची पोकळ डबी, जिच्यात औषध भरता येते. हा प्रयोग अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात यिकी यांग व नरेंद्र रेड्डी यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी या दोघांनी वनस्पतींची प्रथिने वैद्यकात कोठे उपयोगी पडतील याचा एक विस्तृत आढावाही लिहिला. रेड्डी यांनी पुढे बेंगळुरूच्या ज्योती इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधनकेंद्रात याच प्रथिनांवर काम केले. म्हणजे विद्या आपल्या राज्यात आहे आणि धान्य आपल्या जिल्ह्यात आहे.

प्रथिनाचे सूत काढण्याची कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेत १९४८ मध्ये झीनपासून विकारा नावाचे कापडी सूत बाजारात आले. मऊ, उबदार, लोकरीसारखे. भिजले की त्याची ताकद कमी होई, आणि नायलॉन व पॉलिएस्टरपुढे त्याचा निभाव न लागून १९५७ मध्ये तो कारखाना बंद पडला. कापडाच्या धंद्यात ज्याने घात केला तोच दोष जखमेच्या कामी निम्मा गुण ठरतो, कारण तेथे तंतूने कालांतराने विरून जावे हीच अपेक्षा असते. निम्माच म्हणावयाचे, कारण तो फार लवकर विरला तर पट्टीचा लगदा होतो व पहिल्या काही तासांतच बरेचसे औषध एकदम सुटून जाते. यावर उपाय म्हणून तंतूंच्या साखळ्या एकमेकींस बांधतात. त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटराल्डिहाइड जिवंत पेशींना अपायकारक आहे. म्हणून रेड्डी व यांग यांनी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातील आंबट द्रव्य, वापरून हे बंधन साधले. आमच्या मते या सबंध शास्त्रातील खरी कसोटी हीच आहे. तंतू काढणे आता पुष्कळांस जमते. पाच दिवस टिकून सहाव्या दिवशी विरेल असा तंतू काढणे अद्याप फार थोड्यांस जमले आहे.

फळ काय मिळाले? फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात पीटर लेल्केस यांच्या गटाने २०१४ मध्ये सोयाबीन प्रथिनाच्या तंतूंची पट्टी डुकरांच्या जखमांवर बसविली, तेव्हा उघड्या जखमेपेक्षा कातडी लवकर आली. हार्वर्ड विद्यापीठात किट पार्कर यांच्या गटाने २०१८ मध्ये सोयाबीन व सेल्युलोज यांचे तंतू उंदरांच्या जखमांवर वापरले व त्यांसही अनुकूल परिणाम आढळला. सोयाबीनमध्ये जनिस्टाइन आदी जी द्रव्ये असतात ती जखम भरण्यास स्वतःच मदत करतात, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. काम अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळेच्या पायरीवर आहे. गंजातील औषधी दुकानात उद्या ही पट्टी मागावयास जाऊ नये.

वाचकांच्या मनात एव्हाना जो प्रश्न आला असेल तो आम्ही टाळणार नाही. प्राण्याची कातडी टळावी म्हणून जी पट्टी करावयाची, तिची परीक्षा प्राण्याच्याच अंगावर जखम करून झाली. हे वाचून आम्हांसही बरे वाटले नाही. परंतु आजवरच्या कायद्यांनी मनुष्यावर नवे औषध वापरण्यापूर्वी ही पायरी आवश्यक ठरविली होती. भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर वा तत्सम साधनांवर केलेल्या परीक्षांस मान्यता दिली आहे. दार उघडले आहे एवढेच. त्यातून जाणारे किती निघतात ते पाहावयाचे. आपल्या समाजाकडून औषधदानाच्या नावाने जे द्रव्य दरवर्षी निघते, त्याचा काही अंश प्राण्यांवाचून परीक्षा करण्याच्या कामी द्यावा असे आम्हांस वाटते. तसेच झीनसाठी मद्यार्क वापरतात, मग ते आपणांस कसे चालेल, असेही कोणी विचारील. तंतू हवेत सुकताना मद्यार्क उडून जातो आणि पट्टी पोटात जात नाही. उग्रादित्यांनी यावर काय निर्णय दिला असता हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आमच्या घरापुरते आम्ही ते ग्राह्य मानू.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने. प्रथिनाच्या पट्टीमुळे सोयाबीनचा भाव चढेल अशी आशा कोणी धरू नये. एका पट्टीस एक ग्रॅम प्रथिन धरले, तर १० टनांच्या एका मालमोटारीतील पेंडीत सुमारे साडेचार टन प्रथिन. त्यातील निम्मेच शुद्ध होऊन हाती आले तरी २२ लाखांवर पट्ट्या होतील. एवढ्या थोड्या मालाने बाजार हलत नसतो. मात्र आपण विकलेल्या सोयाबीनची पेंड आज बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते, ही गोष्ट आपल्या संघाच्या सभांत कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही ती येथे लिहून ठेवतो. त्या व्यवहारापासून सुटका व्हावी एवढी या पट्टीची मागणी कधीच होणार नाही. परंतु आपल्या मालाचा एखादा भाग कोठे निष्कलंक कामी लागतो हे कळण्यासही मोल आहे.

भावाचा प्रश्न नसला तरी शुद्धतेचा आहे, आणि तेथे आपले काम सुरू होते. पेंडीतील द्रावक काढण्यासाठी व ती पचनास सोपी व्हावी म्हणून कारखान्यात ती चांगली तापवितात. खाद्यासाठी ते ठीक. परंतु अति उष्णतेने प्रथिन आळते व मग पाण्यात उतरत नाही. पट्टीसाठी मंद उष्णतेवर काढलेली पांढरी पेंडच लागते. दुसरे संकट बुरशीचे. ओला मका किंवा भुईमूग कोंदट गोदामात थप्पीला लागला की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरते व अफ्लाटॉक्सिन नावाचे विष मागे ठेवते. धान्य भाजले, उकळले, तरी ते पुरते जात नाही. खाण्याच्या धान्यात जे अपायकारक, ते उघड्या जखमेवर तर स्वप्नातही नको. पुन्हा, एकाच वाणाचे प्रथिन जमिनीप्रमाणे व पावसाप्रमाणे बदलते. औषध करणाऱ्यास मात्र प्रत्येक खेप सारखी हवी. आणि ज्यांस गव्हाची वा सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ती धान्ये वगळावी लागतील.

येथे आम्हांस तुरीची आठवण होते. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीत शंभरास सुमारे बावीस भाग प्रथिन असते. डाळ गिरणीतून जी चुणी निघते, तुकडे, पीठ व टरफल यांचे मिश्रण, ती आपण गुरांच्या खाद्यास स्वस्तात देऊन टाकतो. तिच्यातही प्रथिन आहेच. मका व सोयाबीन यांवर जगात जितके काम झाले त्याच्या एका कोपऱ्याइतकेही तुरीवर झालेले नाही, कारण ज्या देशांत हे शास्त्र वाढले तेथे तूर पिकतही नाही. हे काम झाले तर आपल्याकडेच व्हावयाचे. रायचूरच्या कृषी विद्यापीठाचे केंद्र कलबुर्गीस आहे, गुलबर्गा विद्यापीठ आहे. तेथील रसायनाच्या अध्यापकांकडे संघाच्या दोघा-तिघांनी समक्ष जाऊन, नमुने आम्ही पुरवितो, आपण प्रथिन काढून पाहा, एवढे म्हणावे.

तोवर घरात जखमेचा रुग्ण असल्यास डॉक्टरांस पट्टीतील द्रव्य आधीच विचारावे, जखम उघडी ठेवून नव्हे. समुद्रशेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी बाजारात मिळते. विरघळणारा कृत्रिम धागा १९७० च्या सुमारापासून कॅटगटच्या जागी आलेला आहे. ज्या वेळी पर्याय नसेल त्या वेळी डॉक्टर म्हणतील ते लावू द्यावे.

नमुन्यांविषयी गिरणीवाल्या बंधूंस एक विनंती. दहा किलो चुणी पुरेशी आहे, परंतु ती एकाच वाणाची असावी, गोदामात धुरी देण्यापूर्वी काढलेली असावी, ओलावा मोजलेला असावा, व पिशवीवर गाव, वाण आणि काढणीचा महिना शाईने लिहिलेला असावा. तुरीस तेलाचा हात दिला असल्यास तेही लिहावे.